अकरा मिनिटं, चाळीस सेकंद

हिप्परग्याच्या काठावरची माती
बाभळीखालून, कुजल्या पाल्यासकट, चार बोटं खोल
खुरप्यानं काढून कापडी पिशवीत आणते मी.
बसमध्ये कंडक्टर विचारतो, कुंडीला का?
मी हो म्हणते.

लॅबमध्ये ती फनेलच्या जाळीवर पसरायची, वर चाळीसचा बल्ब.
सोलापुरात, एप्रिलमध्ये, वर आणि बल्ब कशाला?
पहिल्या वर्षी मी इंगळगी मॅडमना विचारलं होतं.
त्या हसल्या नाहीत.
ऊन वरून लागलं की ते खाली सरकतात, म्हणाल्या.
खाली ओल असेल असं त्यांना वाटतं.
खाली बशी असते.

ओरिबॅटिड माइट.
खसखशीच्या दाण्याच्या निम्मा, तपकिरी, कवचाचा,
पाय आठ, डोळे नाहीत.
दोन्ही कुशींना तेलाची एकेक ग्रंथी,
डिवचलं तरच उघडणारी.
ज्याला ना डोळे ना गळा
त्यानं ओरडायचं कसं, तर असं.

बारीक कुंचल्यानं एकेक उचलायचा, मोजत.
मोजणं मला येतं.
विडी घरकुलात वाढलेल्या कुठल्याही पोरीला येतं:
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे, हजार.
अम्मा वळायची, मी दोरा बांधायची.
कारखान्यात तपासणारा मूठभर उचलून छाट काढायचा,
ती त्याला कधी काही बोलली नाही.
घरी येऊन हात दोनदा धुवायची फक्त.
वास जायचा नाही.

चाळीस माइट, पन्नास मायक्रोलिटर हेक्झेन, तीन मिनिटं.
तेवढ्यात ते असेल नसेल ते सगळं सोडतात.
मग सुई, मग यंत्र,
आत केसासारखी बारीक नळी, तीस मीटर, गुंडाळलेली.
पडद्यावर आधी हेक्झेनचा डोंगर येऊन जातो,
मग बराच वेळ नान्नजचं माळरान,
आणि अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर एक टेकाड:
नेराल.
त्याच्या पाठीला लागून दुसरं, जेरानियल.
अणू तेच, तेवढेच,
एका दुहेरी बंधापाशी
एकानं मान या अंगाला वळवलेली, दुसऱ्यानं त्या.
पुढे ट्रायडेकेन, पेंटाडेकेन,
लांब, सरळ, स्वतःचं काही न सांगणारी.

ताडून बघायला विकतची बाटली असते.
तिचं बूच काढलं त्या संध्याकाळी
बोटांना वास राहिला.
अम्मानं माझा हात नाकाशी नेला:
गवती चहा!
मोरीजवळच्या डालड्याच्या डब्यात आमच्याकडे होताच तो,
पाहुण्यांना आवडायचा.
माइटांमध्ये त्याचा अर्थ पळा असा होतो
हे मी तिला सांगितलं.
ती म्हणाली, मग तंबाखूचं पान कुणाला पळ म्हणतं?
अळीला, म्हटलं मी.
ती खोकली, की हसली,
अंधारात नीट कळलं नाही.

गेल्या गुरुवारी पडद्यावर काहीच उगवलं नाही.
चाळीसच्या चाळीस रिकामे.
यंत्र तपासलं, सुई बदलली, नवीन हेक्झेन घेतलं.
मॅडमनी विचारलं, पिशवी आपटली होती का कुठे?
तुळजापूर नाक्याचा गतिरोधक.
पिशवी सीटखाली होती, वर कुणाची तरी पत्र्याची ट्रंक सरकून आलेली.
म्हणजे त्यांचं वाटेतच ओरडून झालं होतं,
माझ्या पायांपाशी,
सगळ्यांचं एकदम,
आणि मी खिडकीबाहेर बघत
सुट्ट्या पैशांचा हिशेब करत होते.

ग्रंथी पुन्हा भरायला दिवस लागतात.
किती, ते आम्हाला अजून नक्की माहीत नाही,
मॅडमनी वहीत त्या जागी प्रश्नचिन्ह काढलंय.

आज हिप्परग्यापासून कुंभार वेशीपर्यंत
पिशवी दोन्ही हातांवर धरून उभी आहे मी.
ठेवा की खाली, म्हणतो कंडक्टर,
माती तर आहे.
नको, म्हणते.
दंड भरून आलेत.