पाण्याचा वार

अडीचला जाग येते अजून.
नळ आधी खोकतो, मग नुसता वारा सोडतो,
मग गढूळ, मग पाणी.
गच्चीवर टाकी आहे, अंबादासनं मोटार बसवलीय,
पुण्यातून फोनवर बजावतो : अम्मा, तू उठू नको.
मी उठते. उंबऱ्यावर बसते.

तेव्हा तिघांना उठवायचे.
भूदेवी न बोलता उठायची, अंबादास रडत,
आणि धाकटा नरसिंग झोपेतच घागर धरून रांगेत उभा.
एकदा तसाच गटारीत गेला, घागरीसकट.
आधी घागर बघितली मी, पोचा आलाय का.

दिवसा हजार विड्या.
मांडीवर सूप, कात्री, पत्र्याचा फर्मा,
पायाच्या बोटाशी दोऱ्याचं रीळ.
पंचवीसचा पाढा तिघांना शाळेआधी आला,
कट्टा पंचवीसचा म्हणून.
कारखान्यात कारकून छाट काढायचा,
वाकडी, सैल, तोंड नीट न मिटलेली,
बोलायचा नाही, नुसती बाजूला टाकायचा.
घरी येऊन तो राग कुणावर निघाला
ते पोरांना ठाऊक.

नरसिंग म्हणायचा, तुझ्या हातची भाकरी खाल्ली की शिंका येतात.
आता हैदराबादेत त्याची बायको करते,
मऊ, बिनवासाची.
तरी येताना म्हणतो, कडक करून ठेव गं चार,
शेंगाचटणी मी आणतो चौकातनं.

भूदेवी सातवीत. शाळेची सहल नळदुर्गला.
सत्तर रुपये.
नाहीत म्हणाले.
होते. तांदळाच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेले.
पण गड्डा तोंडावर, हप्त्याची विडी कमी भरत होती,
आणि तिच्याइतक्या चपळ बोटांचं घरात कुणी नव्हतं.
त्या दिवशी तिनं बाराशे विड्यांची तोंडं मिटली.
संध्याकाळी सहलीची गाडी आमच्या बोळावरून गेली,
पोरी गात होत्या.
ही मान वर न करता म्हणाली, अम्मा, दोरा संपला.

यंदा नारळी पौर्णिमेला आली, लेकीला रथ दाखवायला.
दुसऱ्या दिवशी गाडी काढली, म्हणाली, चल, नळदुर्ग.
महालावरून पाणी कोसळत होतं,
नात ओरडत होती, काही ऐकू येत नव्हतं,
म्हणून मला बोलता आलं.
भूदेवी, तेव्हा पैसे होते गं.
तिनं ऐकलं.
ओढणीनं माझ्या तोंडावरचे तुषार पुसले.
म्हणाली, कुठली सहल? मला नाही आठवत.

खरंच विसरली असेल
तर तो दिवस आता माझ्या एकटीकडेच आहे.
आणि खोटं बोलली असेल
तर माझ्यासारखंच बोलली, सरळ डोळ्यांत बघून.

टाकी भरली. मोटार आपोआप बंद झाली.
बोळात कुणाचं तरी पोर पेंगत उभं आहे, पाइप धरून.
मी एक कळशी तेवढी हातानं भरते,
सर्वांत लहान,
सातवीतल्या पोरीला उचलेल एवढी.