एका टोकाला

सोहारला चौथ्या टाकीची पातळी रात्री थरथरते.
तेल हलत नाही. आकडा हलतो.
बासष्ट, चौसष्ट, एकसष्ट,
ताप आलेल्या पोराच्या नाडीसारखा.
रॉडेल म्हणतो, ट्रान्समीटर बदलू.
मी म्हणतो, आधी पंप बंद कर.
पंप थांबतो, आणि आकडा
शहाण्यासारखा बासष्टवर बसतो.

म्हणजे गोंगाट शेजारचा.
मोटरची मनगटाएवढी केबल आणि ही करंगळीएवढी
एकाच ट्रेवर दोनशे मीटर नांदतात.
हिचं बोलणं चार मिलिअँपिअरचं,
तिचं भांडण चारशे अँपिअरचं.

पहाटेचे तीन. सप्टेंबर.
हवा इतकी दमट की चष्मा पुसला तरी आंधळाच.
जंक्शन बॉक्स उघडतो.
आत कवच, अॅल्युमिनियमचा पातळ पदर,
त्याला बिलगून एक उघडी तार.
बाहेरचं सगळं अंगावर घ्यायचं
आणि मुकाट मातीत नेऊन सोडायचं, एवढंच तिचं काम.
तिला अर्थ द्यायचा तो एकाच टोकाला.
(हे लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली,
बाबा, हा तर मराठीच्या पेपरातला प्रश्न.)
दुसरं टोक कापायचं, टेप गुंडाळायची,
अधांतरी ठेवायचं.
दोन्हीकडे बांधलं तर
दोन जमिनींत थोडा फरक असतोच,
तो कवचातूनच फिरत राहतो, गुणगुणत.

इथे कुणीतरी दोन्हीकडे बांधलंय.
हिरवी-पिवळी तार, लग नीट दाबलेला,
टॅगवर मार्करनं तारीख.
सातावर आडवी रेघ.
सात असा इथे मी एकटाच काढतो.

ते पहिलं वर्ष.
तेव्हा वाटायचं, जितकं बांधू तितकं पक्कं.
त्याच वर्षी खेर्डीला प्लॉट घेतला,
दर शुक्रवारी दोन तास फोन,
घरच्या गॅसचा नंबरसुद्धा मीच इथून लावायचो,
आणि शेगडीशी उभी असलेली सुमित्रा
म्हणायची, लावा. लावा तुम्हीच.

पक्कड. टेप. तीन वेढे.
वॉकीटॉकीवर रॉडेल: स्टेडी, बॉस.

उजाडताना दाद करीम अर्थच्या खड्ड्यात
दोन बादल्या पाणी ओततो.
कोरडी रेती वीज घेत नाही,
मीठ, कोळसा, वर रोजचं पाणी, तेव्हा कुठे
ही जमीन कुणाचं ऐकून घेते.
मीटर लावतो. तीन पूर्णांक आठ ओहम.
चालेल, म्हणतो तो.
अजून एक बादली ओततो.