पाच किलो चारशे

गुरुवारची रात्र. रुवीतल्या खोलीत
पलंगावर सगळं मांडून बसलेय
बोहारणीनं मांडावं तसं.

आधी पाणी. तीन लिटर.
त्यातल्या दोन बाटल्या फ्रीझरमध्ये आडव्या,
लिसीच्या तारल्यांना खेटून.
झुवैना म्हणते, तहान लागल्यावर पिणं ही शहराची रीत,
डोंगरात तहानेच्या आधी पोचायचं असतं.
तिचं गाव वर, डाळिंबांच्या ताल्यांवर.
हिशेबखात्यात समोरच्या टेबलावर बसून
तीन आठवडे ती मला वाट शिकवतेय
रद्द बिलांच्या कोऱ्या पाठींवर:
दगडांवर रंगाचे पट्टे असतील, पिवळा, पांढरा, तांबडा.
पुढचा दिसेपर्यंत मागचा सोडू नकोस.
दगड हलला तर त्याच्याशी वाद नको, बाजूनं जा.
शेळी आली तर आधी डबा सांभाळ, फोटो मग.

चिकटपट्टी, कापूस, शिट्टी.
मानेवर पदर असलेली टोपी.
कोरे बूट डोंगराला दाखवू नयेत, म्हणून
महिनाभर ते ऑफिसात घातले, भाजीला घातले,
एकदा दारसैतच्या देवळातही,
आणि बाहेर नाड्या सोडवत बसले
आरती संपेपर्यंत.

मग जिने. सहा मजले, रोज तीनदा,
पाठीवर पाच किलो सोना मसुरी.
पहिल्या दिवशी पहारेकरी मोइझुल धावत आला,
"दीदी, लिफ्ट तो चालू है!"
दुसऱ्या दिवशी त्यानं तांदूळच घ्यायला हात पुढे केला.
चौथ्या दिवशी सांगून टाकलं, डोंगर चढायचाय.
तिथं काय मिळतं, त्यानं विचारलं.
संध्याकाळी परत येता येतं, मी म्हटलं.
तो हसला नाही.
गुडघे चढाला भीत नाहीत, उताराला भितात,
हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी
जिन्यानं सांगितलं.

तिखटमिठाच्या पुऱ्या सात. खजूर. शेंगदाणे.
एक लिंबू, मिठाची पुडी.
आठवी पुरी उभ्यानंच खाल्ली.

आणि मग, निव्वळ सवयीनं,
दारामागच्या खिळ्यावरून काढला
तो हुकाचा वजनकाटा.

अकरा वर्षांत त्यानं काय काय तोललंय:
दूध पावडरचे डबे, बदाम, भाच्याचा लॅपटॉप,
नणंदेच्या लेकीच्या लग्नाला दोन वाघांची ब्लँकेटं,
शांपू, शांपू, शांपू.
तीस किलोला तीनशे ग्रॅम वर गेले की
रात्री दोनला फरशीवर बसून ठरवायचं
कुणाचं काय काढायचं.
दर वेळी निघायचं ते माझंच,
एखादी साडी, वहाणा,
एकदा वाचायला घेतलेलं अर्धं पुस्तक.

आज हुकाला पाठपिशवी अडकवली.
आकडे दोनदा थरथरले, थांबले.
पाच किलो चारशे.
ह्यात कुणासाठी काही नाही.
उद्या उन्हं उतरेपर्यंत बहुतेक सगळं संपलेलं असेल,
थोडं माझ्या पोटात,
थोडं घाम होऊन दगडांवर,
शिट्टी तेवढी उरावी.
"एवढंच?" भिंतीकडे तोंड करून लिसीनं विचारलं.
गल्फात आल्यापासून पहिल्यांदा
वजन करून झाल्यावर मी काही काढलं नाही.
उलट एक आंबावडी टाकली वरून,
न तोलता.

नखं कापली. गजर तीन वीसचा.
चारला पेट्रोलपंपापाशी झुवैनाच्या भावाची गाडी.
साडेदहाला तिचा निरोप आला:
आई छपरावर जाऊन बघून आली,
ढग नाही, वादीला पाणी यायचं नाही. झोप आता.

कुठली झोप.
पोटऱ्या अंधारात अजून जिने मोजतायत.
फ्रीझरमध्ये पाणी
बारीक आवाज करत
बाटलीला आतून ढकलतंय.