खूण

गिअरबॉक्स बिदरच्या भंगारातून आला,
दुसऱ्याच कुठल्या क्रूझरचा, पोटाला निळा रंग लागलेला.
दुपारभर जॅकवर तोलून
मी आणि उस्तादनं तो वर चढवला,
बोल्ट कसले, ऑइल भरलं.
उदगीरच्या नळेगाव रोडवरचं ऊन उतरलं तेव्हा
फक्त शाफ्ट राहिला होता.

"परमेश्वरा," गाडीखालून रुक्नुद्दीन उस्ताद म्हणाले.
नवं गिऱ्हाईक दचकतं अशा वेळी,
वाटतं, म्हातारा देवाचं नाव घ्यायलाय.
नाव माझं आहे.
मी सतरा नंबरचा पाना घेऊन वाकलो.
"पाना नको. खडूची रेघ कुठाय?"

रेघ.
सकाळी शाफ्ट उतरवायच्या आधी
उस्तादनं ओढलेली, नळीवरून थेट बाहीपर्यंत.
मी दोन्ही तुकडे वेगळे करून
डिझेलमध्ये बुडवले, ब्रश मारला,
भांड्यासारखे लख्ख केले.
कुणी सांगितलं नव्हतं.
चांगलं दिसावं म्हणून केलं.

संग्राम देवकत्ते उलट्या क्रेटवर बसून
तिसऱ्यांदा मोबाइलमध्ये वेळ बघत होते.
पहाटे चारला भालकीचं वऱ्हाड भरायचं होतं त्यांना.
"कसाबी बसवा की. दाते तर सारखेच हायत."

सोळा दाते.
बसतो कुठंही, हीच तर अडचण.
हातानं सरकवला की गुमान आत जातो,
चुकीच्या घरातसुद्धा कुरकुरत नाही.
गाडी निघते, गिअर पडतात,
आणि साठच्या पुढं
सीटखाली कुणी जातं ओढायला बसतं.
आधी क्रॉस जातो, मग बेअरिंग,
मग कालपरवा बसवलेल्या बॉक्सचं सील.

"दोन्ही टोकांचे कान एका रेषेत धरू," मी म्हणालो.
"ते दोन जागी जुळतात. त्यातली कोणती?"
ओरडले असते तर बरं झालं असतं.

उस्तादनं बॅटरी मागितली नाही.
उलट चष्मा काढून खिशात ठेवला,
आणि अंगठा नळीवरून सावकाश फिरवू लागले,
बाळाच्या टाळूवर तेल जिरवतात तसा.
पाऊण फेऱ्यावर थांबले.
"बोट आण."
मला काही लागलं नाही.
"नख लाव."

तिळाएवढा खळगा.
रंगाच्या थराखाली बुजलेला, गुळगुळीत.
बाहीवर, तोंडापाशी, तसाच दुसरा.

ही गाडी आमच्याकडं पहिल्यांदाच आलेली.
संग्रामभाऊंनी घेतली तेव्हाच तिचे तीन मालक झालेले.
"पंच मारलाय कुणीतरी," उस्ताद म्हणाले,
"ठोका तिरका हाय. डावखुरा असंल."
एवढीच त्या माणसाची चौकशी झाली.
मग चहा सांगितला.

खळग्यासमोर खळगा आणून
मी शाफ्ट छातीवर पेलला, मागं ढकलला,
चार बोल्ट हातानं लावले, मग पान्यानं.
लावता लावता वाटलं, आपलीही एक खूण असावी,
डिझेलनं न जाणारी.
पंच उचलला, हातोडी शोधली.
"ठेव खाली.
दोन खुणा झाल्या की पुढचा माणूस फसतो."

अंधार पडल्यावर देवणीच्या रस्त्याला गाडी काढली.
डॅशबोर्डवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली.
पन्नास. साठ. सत्तर.
संग्रामभाऊ वऱ्हाडातल्या एका मामाच्या
नखऱ्याबद्दल काहीतरी सांगत होते,
उस्ताद हं हं करत होते.
मी बाटलीतल्या पाण्याकडं बघत होतो.
वळणावर ते जरा कललं,
आणि परत आपलं सपाट झालं.