प्रश्न चौदावा

फरगाना खोऱ्यात, जर्दाळूच्या बागांमधून
एक पाट जातो.
वरचं गाव त्याला एका नावानं ओळखतं, खालचं दुसऱ्या.
मार्चमध्ये दगडफेक झाली, एप्रिलमध्ये मला पाठवलं,
चाळीस प्रश्नांचा कागद घेऊन.

असिलकानच्या कपाळावर तीन टाके.
पहिला दगड कुणी मारला?
"त्यांनी. आम्ही नुसतं उत्तर दिलं."
पाटापलीकडे सफरमो, तिच्या मुलाचे पुढचे दोन दात गेलेले.
"त्यांनी. आम्ही नुसतं उत्तर दिलं."
मी दोन्ही उत्तरं लिहून घेतली.
प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

चौदावा:
पलीकडच्या शंभरांतले किती तुमच्या मुळावर उठलेत?
"नव्वद," असिलकान म्हणाली, चहाचा घोट गिळायच्या आत.
"नव्वद तरी," सफरमो.

आणि तुमच्यातले किती, त्यांच्या?

इथे मात्र वेळ लागला.
असिलकान बोटांवर मोजू लागली:
तुर्दुबेक, तोही प्यायला तरच.
त्याचा मेहुणा, पण तो आता रशियात विटा रचतो.
हकीमचा धाकटा? छे, तो कोंबडी कापतानाही डोळे मिटतो.
"दीड लिही," ती म्हणाली.
सफरमोच्या घरी आकडा दोनवर गेला,
मग नवऱ्यानं आतून ओरडून एक कमी केला.

परतताना गाडीत मी म्हणालो,
"ही डोंगरातली माणसं, सगळी मेली एकजात."
एरगेश, ड्रायव्हर, डोंगरातलाच.
पण त्याची गोष्ट वेगळी,
त्याचं नाव मला माहीत होतं.

त्यानं काच खाली केली, थुंकला,
आणि रेडिओ मोठा केला.