एक गोळा कमी

पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली:
तीन दिवस गोळाफेकीचा सराव,
अमुक अक्षांशापासून तमुक रेखांशापर्यंत
कुणी होडी घालू नये.

आडबंदरात अक्षांश कुणाला ठाऊक.
होड्या रेतीवर ओढल्या, पुरुष पत्ते घेऊन
मारुतीच्या मागे गेले,
आणि आम्ही बायका जेटीवर
रिकाम्या पाट्या उलट्या घालून त्यांच्यावरच बसलो.
लिलाव नाही, बर्फाची गाडी नाही.
मांजरंसुद्धा आमच्याकडे बघून निघून गेली.

मग पहिला आवाज आला.
आधी पायाखालच्या दगडात, मग कानात.
चंद्रभागा खवणेकरणीने तिसऱ्याची एक शिंप उचलली
आणि समोर ठेवली, वाटे मोजताना ठेवते तशी.
दुसरा आवाज, दुसरी शिंप.
शेवटच्या संध्याकाळपर्यंत तेवीस.

"एकाची किंमत किती गो?"
मला विचारलं, कारण माझं अक्षर बरं
आणि उपकेंद्राची वही मी लिहिते.
मला माहीत नव्हतं.
गोळा म्हटलं की आम्हाला पोटातला आधी आठवतो.
मला माहीत होती फ्रिजची किंमत,
जो नवरात्रापासून बंद आहे,
आणि ज्यात नर्सबाई आता छत्री ठेवतात.
फुरशाच्या विषावरचं इंजेक्शन कणकवलीला.
हवाबी सोलकरच्या नातवाला चावलं
तेव्हा आम्ही ते अंतर मोजलं होतं
त्याच्या श्वासांनी.
नांदगावच्या तिठ्यापाशी मोजणं थांबलं.

दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला:
एका गोळ्याची किंमत कळवावी.
दोन महिन्यांनी उत्तर आलं, नीट तीन घड्यांचं:
सुरक्षेच्या कारणास्तव कळवता येत नाही.
हवाबी हसली. ती त्या वर्षात पहिल्यांदा हसली.
"आमचा म्हावरा कितयाक गेला
ता मात्र सगळ्यांका ठावक."

ग्रामसभेत ठराव मी वाचला.
सरपंच म्हणाले, हा विषय आपल्या कक्षेत येत नाही.
मागच्या बाकावरून कुणीतरी देश काढला.
तेव्हा इंदुमती तांडेलीण उठली,
जिचा मुलगा त्याच जहाजाच्या पोटात, इंजिनाशी,
आणि जी त्याचा गणवेशातला फोटो
रोज पदराने पुसते.
"माझो झिल आसा थय.
तेका उपाशी ठेवा, असा कोण म्हणता?
तेच्या बायलेक आठवो चलता.
रातची ती खय जातली, ता सांगा."
कुणी सांगितलं नाही.
पंखा तेवढा खडखडत राहिला.

ठराव एका ओळीचा होता:
तेवीसऐवजी बावीस टाकावेत,
वाचलेल्या एकातून फ्रिज, आणि रात्रीचा डॉक्टर,
जितके दिवस पुरेल तितके दिवस.
एकेचाळीस सह्या, नऊ अंगठे.
ग्रामसेवक म्हणे, त्या वहीला
महिनाभर बांगड्याचा वास येत होता.
वर कुठेतरी पाठवला. कुठे, ते त्यालाही माहीत नाही.

यंदा पुन्हा नोटीस, पुन्हा उलट्या पाट्या.
तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना
बाविसावी शिंप पडली
आणि मग काहीच नाही.

चंद्रभागेच्या मुठीत पुढची शिंप तयार.
कुणी बोलेना.
पन्नास कोळणी आणि एवढी शांतता,
जेटीने कधी ऐकली नसेल.
वारा फिरला असेल, मी म्हटलं.
हवाबी म्हणाली, मी चहा आणायला गेले
तेव्हा एखादा झाला असेल, तुम्ही बडबडत होता.
इंदुमतीची सून उभी राहिली,
कडेवर ते पोर, जे जीपमध्ये जन्मलं,
आणि लांब त्या राखाडी ठिपक्याकडे बघत राहिली.
शत्रूकडे बघावं तसं नाही,
आणि नवऱ्याकडे बघावं तसंही नाही.

दिवे लागले. पाट्या उचलल्या.
फ्रिज बंद आहे, छत्री आत आहे,
हे मी वहीत आजच्या तारखेला पुन्हा लिहिलं.
चंद्रभागेने मूठ उघडली नाही.
एकाच हाताने पाटी डोक्यावर चढवली
आणि घाटीच्या वाटेला लागली.