कानातला खडा

माझारा सोडून नववा दिवस.
पहाटे चारला जाळं वर येतं,
सहाशे मीटर खालून, तासभर दोर गुंडाळत.
आधी लाल कोळंबी वेचतात,
तिच्यासाठीच तर हा डिझेलचा धूर.
उरलेलं गास्पारे, आमचा तांडेल,
फावड्यानं माझ्या टोपलीत लोटतो:
"घ्या, डॉक्टरीणबाई, तुमचे भिकारी."

डोळे बटबटीत. टाळू काळी.
वर येता येता पोटातली पिशवी तोंडात आलेली,
जणू काही सांगायला निघाले
आणि जीभच सुजली.
वहीत यांचं लॅटिन नाव आहे, माशापेक्षा लांब.

मी मोजते. तेरा सेंटीमीटर.
बोट हलते, काटा हलतो,
बेचाळीस ते अठ्ठेचाळीस ग्रॅम; लिहिते पंचेचाळीस.
मादी.
मग कवटी उकलून चिमट्यानं खडा काढते,
मुगाच्या डाळीएवढा.

आपण कानाला खडा लावतो: पुन्हा नाही.
ही कानात खडा घेऊनच वाढते,
आणि दरवर्षी त्यावर एक कडं चढवते.
उन्हाळा-हिवाळा जिथे उतरत नाही
तिथे ही कोणासाठी वर्षं मोजत होती?

"या वर्षीचं पिल्लू?" मोंजी विचारतो,
महदियाचा, खांद्यावर बर्फाचा खोका.
काळ्या बशीत, पाण्यात, भिंगाखाली
मी पुन्हा पुन्हा मोजते.
एकोणीस. कदाचित वीस,
कडेची कडी एकमेकींना बिलगतात.

खोका खाली येतो.
"वीस वर्षं झाली मला या बोटीवर.
म्हणजे दर खेपेला आम्ही हिच्या डोक्यावरून..."
वाक्य तो तिथेच ठेवतो.
मी सांगते, पहिली तीन-चार वर्षं ही भराभर वाढली,
मग जवळजवळ थांबलीच.
"माझ्या पगारासारखी," तो म्हणतो, आणि एकटाच हसतो.

रात्री केबिनमध्ये दोनशे अकरा मासे
एका वक्ररेषेवर बसवते.
रेषेला वर छत असतं,
त्याचं चिन्ह आडवं आठ, अनंताचं:
हा मासा कधी मेलाच नाही
तर किती लांब होईल?
उत्तर येतं:
बावीस पूर्णांक चार.
सेंटीमीटर.
मी टेबलावर वीत पसरते.
अनंत तेवढ्यात मावतं, जेमतेम.

खडा पाकिटात, पाकिटावर आकडा.
बाकीची ती समुद्रात. पाण्याला टेकण्याआधीच
पाखरू तिला उचलतं.

विंच घरघरते.
मोंजी कानाची पाळी चोळतो, थंडीनं असेल,
आणि दोर सोडतो.